रोजची भाकरी आणि रोजची गाडी

मा. संपादक महोदय,

मी मूळची ठाण्याच्या नौपाड्यातली. गेली अकरा वर्षे फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या कुशीत वसलेल्या ग्रेनोबल या शहरात नोकरीनिमित्त राहते. त्याआधी सहा वर्षे ठाणे ते तुर्भे असा ट्रान्स-हार्बरचा प्रवास रोज केला आहे. सध्या रजेवर घरी आले असताना नातेवाईक आणि शेजारी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. तिकडचे जेवण फार महाग असते का, आणि तिकडच्या वेगवान गाडीत बसलीस का? प्रश्न आपुलकीचे असतात आणि उत्तर देताना मला आनंदही होतो. मात्र त्या देशाविषयी माझ्या मनात जो आदर साठला आहे त्याचे कारण या दोन्ही प्रश्नांत येत नाही. साध्या माणसाने सकाळी घ्यायचा पाव आणि सकाळी पकडायची गाडी या दोन गोष्टींकडे फ्रान्समध्ये ज्या गांभीर्याने पाहिले जाते, ते मला तेथे राहायला गेल्यावरच कळले. आपल्या लोकप्रिय दैनिकातून ते ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम पावाविषयी. माझ्या घरापासून चार मिनिटांवर एक बेकरी आहे. सकाळी सात वाजता तिथे रांग लागलेली असते आणि रांगेत कामगार, शिक्षिका, शाळकरी मुले, काठी टेकत आलेले आजोबा असे सगळे असतात. दुकानात शिरताना ‘बाँजूर’ म्हणायचे आणि मगच मागणी सांगायची, हा तिथला रिवाज आहे. ती मागणीही नेमकी असते. कुणाला बगेट, म्हणजे तिथला लांबट पाव, खरपूस भाजलेला हवा असतो, कुणाला फिकट. विक्री करणारी बाई टोपलीतले दोन-तीन पाव हाताने चाचपून हवा तसा निवडून देते. कागदाची पट्टी पावाच्या मधोमध गुंडाळलेली असते आणि दोन्ही टोके उघडी राहतात. त्यातले एक टोक घरी पोहोचेपर्यंत मोडून खाल्लेले असते. माझ्या मुलानेही ही सवय पहिल्याच आठवड्यात उचलली. साधारण अडीचशे ग्रॅम वजनाच्या या पावाला एक युरो किंवा त्याहून थोडे अधिक पडतात, म्हणजे तिथल्या मानाने तो कुणालाही परवडतो.

या पावाची चव आपोआप टिकलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राने भराभर कणीक मळण्याची आणि पीठ फुगवण्यासाठी निरनिराळी द्रव्ये मिसळण्याची पद्धत तिथे रूढ झाली. त्यामुळे पाव पांढराशुभ्र दिसू लागला, पण त्याचा स्वाद गेला. कारखान्यात तयार झालेल्या गोठवलेल्या पावापुढे गल्लीतला बेकरीवाला टिकेनासा झाला. तेव्हा १९९३ मध्ये सरकारने एक आदेश काढून ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ म्हणजे काय ते ठरवून दिले : गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, वरून कोणतेही कृत्रिम मिश्रण नाही, आणि करताना कुठल्याही टप्प्यावर गोठवणे नाही. पुढे १९९८ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट साधली. जो दुकानदार स्वतः कणीक मळतो, आंबवतो आणि भाजतो, त्यालाच दुकानावर ‘बुलांजेरी’ (म्हणजे बेकरी) ही पाटी लावण्याची मुभा राहिली. बाहेरून पाव आणून केवळ गरम करून विकणाऱ्याला ती पाटी लावता येत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने बगेट करण्याच्या कारागिरीची वारसा म्हणून नोंद घेतली, त्याची बातमी आपल्याकडेही आली होती. परंतु मला त्या नोंदीपेक्षा दुकानावरच्या पाटीचा कायदा अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याचा उपयोग रोज सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला होतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिने माझ्याकडे राहायला आले होते. आईने पहिल्या दिवशी पाव हातात घेऊन बोटाने दाबला, मोडला, आतली जाळी पाहिली आणि म्हणाली, “याच्या पिठाला विरी आहे गं.” ज्वारी जुनी झाली की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते, हे जिने पन्नास वर्षे परातीत अनुभवले, तिला परक्या देशातल्या गव्हाची पारख करायला भाषेची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला पाव काठीसारखा कडक झाला. तिथली माणसे अशा शिळ्या पावाचे तुकडे दूध-अंड्यात भिजवून तव्यावर परततात आणि त्या पदार्थाला ‘वाया गेलेला पाव’ अशाच अर्थाचे नाव आहे, हे मी तिला सांगितले. आईने ते ऐकून घेतले आणि मोहरी, कांदा, हिरवी मिरची घालून त्याचा कुस्करा केला. शेजारच्या फ्रेंच आजींनी तो वाटीभर मागून नेला.

ग्रेनोबलमध्ये एस्ताकाद नावाचा एक बाजार आहे. तो रेल्वेमार्गाच्या उंच पुलाखाली भरतो. वरून गाड्या जातात आणि खाली, पुलाच्याच छपराखाली, शेतकरी आणि भाजीविक्रेते मांडणी करून बसलेले असतात. प्रत्येक भाजीवर आणि फळावर भाव लिहिलेला असतो आणि माल कुठला आहे तेही लिहिलेले असते, कारण तसे लिहिणे बंधनकारक आहे. उन्हाळ्यात शेजारच्या द्रोम जिल्ह्यातले जर्दाळू येतात, शरद ऋतूत ताजे अक्रोड येतात. ग्रेनोबलच्या अक्रोडाला १९३८ पासून भौगोलिक ओळखीचे कायदेशीर संरक्षण आहे, म्हणजे आपल्याकडे देवगड-रत्नागिरीच्या हापूसला अलीकडे जे मिळाले ते त्या अक्रोडाला ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाले. दुपारी एकच्या सुमारास बाजार उठतो, मागोमाग पालिकेची माणसे येऊन जागा धुऊन काढतात, आणि तासाभराने तिथे बाजार होता हे सांगूनही पटणार नाही इतके ते स्वच्छ होते.

तिथे खरबूज घेताना विक्रेता विचारतो, “आज खाणार की उद्या? दुपारी की रात्री?” आणि त्याप्रमाणे फळ हुंगून, देठाजवळ अंगठा दाबून निवडून देतो. मी हे भाषांतर करून सांगताच आईचा चेहरा खुलला. मे महिन्यात जांभळी नाक्यावर आमचा नेहमीचा आंबेवाला पेटीतून फळे काढताना अगदी हेच विचारतो, “ही आजची, ही परवाची.” फळाशी आणि गिऱ्हाइकाशी इमान राखण्याची ही रीत दोन्हीकडे आहे, याचा मला फार अभिमान वाटला. फरक इतकाच की तिथल्या विक्रेत्याला ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पाणी आणि छप्पर आहे. आमच्या आंबेवाल्याच्या डोक्यावर निळी ताडपत्री आहे आणि तीही कधी उचलावी लागेल याची त्याला शाश्वती नाही.

घरच्या जेवणाविषयी थोडे सांगते. ग्रेनोबलच्या परिसराला दोफिने म्हणतात आणि तिथला रोजचा म्हणावा असा पदार्थ म्हणजे बटाट्याच्या पातळ काचऱ्या दूध-सायीत, लसणाचा वास लावलेल्या भांड्यात मंद आचेवर तासभर भाजून केलेला ग्रातँ. जुन्या पद्धतीत त्यात चीज घालत नाहीत. साहित्य इतके थोडे असल्यामुळे बटाटा चांगला नसेल तर ते लपत नाही, म्हणून बाजारात बटाट्याचे वाणही नावाने मागतात. ‘फ्रोमाज ब्लाँ’ नावाचे एक मऊ, आंबूस दुग्धजन्य प्रकार प्रत्येक दुकानात मिळते. ते फडक्यात बांधून ठेवले की आपला चक्का तयार होतो, आणि फ्रान्समधली मराठी घरे पाडव्याला त्याचेच श्रीखंड करतात.

माझा मुलगा सरकारी प्राथमिक शाळेत जातो. शाळेच्या भोजनगृहातील आठवड्याचा बेत फाटकावर लावलेला असतो : आरंभी कोशिंबिरीसारखे काही, मग मुख्य पदार्थ आणि भाजी, नंतर दही किंवा चीज, शेवटी फळ. २०११ पासून या जेवणाच्या पोषणाचे नियम सरकारने ठरवून दिले आहेत. त्यानुसार पाणी आणि पाव मुलांना हवा तेवढा मिळतो. मीठ आणि केचप मात्र टेबलावर मोकळे ठेवता येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एक जेवण शाकाहारी देणेही बंधनकारक झाले आहे. मुले बसून, गप्पा मारत, घाई न करता जेवतात. मोठ्यांनाही हीच शिस्त आहे. कामाच्या टेबलावर जेवू नये असे तिथल्या कामगार कायद्यातच लिहिले आहे. मी आधी ज्या कार्यालयात होते तिथे संगणकासमोर डबा उघडून डाव्या हाताने टंकलेखन करण्याची मला सवय लागली होती. ग्रेनोबलच्या सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मला उठवून बरोबर नेले आणि जेवणाच्या त्या रोजच्या तासाभरातच मी हळूहळू फ्रेंच भाषा शिकले. बाहेर जेवायला गेले तरी नळाच्या पाण्याची सुरई जेवणाबरोबर विनामूल्य मिळते, ती द्यावीच लागते, आणि ती मागताना कुणालाही संकोच वाटत नाही. अन्न वाया जाण्याबाबतही कायदा आहे. २०१६ पासून चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना न खपलेले खाण्यायोग्य अन्न नष्ट करता येत नाही. ते दान देण्यासाठी त्यांना सेवाभावी संस्थांशी करार करावा लागतो.

आता गाडीविषयी, आणि इथे मला बाबांविषयी लिहिले पाहिजे. बाबा मध्य रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या विभागातून निवृत्त झाले. १९२५ पासून मुंबईची लोकल पंधराशे व्होल्ट डीसी विजेवर धावत होती. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ती पंचवीस हजार व्होल्ट एसीवर आणण्याचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. त्या कामातल्या रात्रीच्या ब्लॉकच्या कथा आमच्या घरात अजून सांगितल्या जातात. फ्रान्समध्ये उतरल्यावर त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आले ते असे की रस्त्यावर सगळी वाहने उजवीकडून चालतात, पण रेल्वे मात्र आपल्यासारखी डावीकडून धावते. फ्रान्समधील सुरुवातीचे लोहमार्ग इंग्रज अभियंत्यांच्या मदतीने बांधले गेले, त्यामुळे ही पद्धत पडली. केवळ अल्सास आणि मोझेल या भागांत गाड्या उजवीकडून जातात, कारण १८७१ नंतर तो प्रदेश जवळजवळ अर्धशतक जर्मनीकडे होता.

एका रविवारी आम्ही ग्रेनोबलहून प्रादेशिक गाडीने आनसीला निघालो. तळ्याकाठचे ते सुंदर गाव पाहायला लोक दुरून येतात. बाबांना मात्र मार्ग पाहायचा होता. औद्योगिक वारंवारितेच्या, म्हणजे नेहमीच्या वीजपुरवठ्यासारख्याच, पण उच्च दाबाच्या एसी विजेवर गाडी चालवण्याचे प्रयोग फ्रेंच रेल्वेने १९५० च्या दशकाच्या आरंभी याच आनसीच्या मार्गावर केले, आणि त्यांचे यश पाहून भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने हीच पद्धत स्वीकारली. आनसीच्या फलाटावर बाबा मान वर करून कितीतरी वेळ तारेकडे, इन्सुलेटरकडे आणि ती तार ताणून धरणाऱ्या वजनांकडे पाहत उभे होते. आई बाकावर बसून पुन्हापुन्हा हाका मारत होती. अखेर ते वळून मला म्हणाले, “कळव्याला रात्री दोन वाजता जी तार आम्ही ओढली, तिचं आजोळ हे.” मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. तळे आम्ही त्यानंतर पाहिले.

तिथल्या टीजीव्ही गाडीविषयी आपल्याकडे वेगापुरतेच बोलले जाते. २७ सप्टेंबर १९८१ रोजी ती पॅरिस–ल्यों मार्गावर सुरू झाली आणि आज ते अंतर सुमारे दोन तासांत कापते. मला तिची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ही गाडी खास मार्गावर वेगाने धावते आणि पुढे जुन्या, साध्या रुळांवर उतरून साध्या वेगाने साध्या स्थानकांत जाते, कारण दोन्हींचे रूळ सारख्याच रुंदीचे आहेत. म्हणूनच ग्रेनोबलपर्यंत वेगवान मार्ग बांधलेला नसतानाही पॅरिसहून निघालेली तीच गाडी तीन तासांच्या आसपास आमच्या गावात येते आणि फलाटाबाहेर पडताच समोर ट्राम उभी असते. १९८७ मध्ये सुरू झालेली ही ट्राम बसक्या तळाची आहे. बाबांच्या गुडघ्याला तिच्यात चढताना एकदाही त्रास झाला नाही. मुंबई–अहमदाबाद वेगवान मार्गाचे रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद असणार आहेत, त्यामुळे ती गाडी आपल्या जुन्या मार्गावर येऊ शकणार नाही. ठाण्याच्या नियोजित स्थानकातून लोकलपर्यंत माणूस सामानासह किती मिनिटांत आणि किती जिने चढून पोहोचेल, हा प्रश्न म्हणूनच आजच विचारला गेला पाहिजे.

गाडीत बसल्यावर लोक घरून आणलेले खातात. लांबट पावात लोणी आणि हॅम किंवा चीज घातलेले सँडविच, एखादे सफरचंद, सुरीने कापून. उष्टे-खरकटे कागदात गुंडाळून स्वतः उचलतात. दोघेजण बोलतात तेव्हा तिसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलतात, आणि फोन आला तर उठून दाराशी जातात. वेगवान गाडीला अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या किमतीचा चौथा हिस्सा भरपाई म्हणून परत मिळतो, दोन तासांच्या पुढे निम्मा. नोकरदाराच्या मासिक पासाची निम्मी रक्कम मालकाने देणे कायद्याने आवश्यक आहे. पगाराच्या पावतीवर ती ओळ दर महिन्याला दिसते. २०२३ मध्ये जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानेही बंद करण्यात आली.

सारेच उत्तम आहे असे मी म्हणत नाही. लांबच्या गाडीचे तिकीट आयत्या वेळी काढले तर ते फार महाग पडते, खेड्यांकडे जाणारे अनेक छोटे मार्ग बंद झाले आहेत, आणि संप वारंवार होतात. परंतु संपाबाबतही २००७ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे लागते आणि प्रवाशांना कोणत्या गाड्या धावतील हे चोवीस तास आधी सांगावे लागते, म्हणजे संपाचा हक्क राहतो आणि प्रवासी फलाटावर ताटकळत नाही. तसेच एकट्या ठाणे स्थानकातून रोज जे काही लाख लोक ये-जा करतात, तेवढी गर्दी ग्रेनोबलच्या स्थानकाला कधी पेलावी लागलेली नाही, याचे मला पूर्ण भान आहे. इतक्या माणसांना इतक्या कमी भाड्यात रोज घरी पोहोचवणाऱ्या आपल्या मोटरमन, गार्ड आणि गँगमन यांच्याविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या गावी आली, त्या गावची मी मुलगी आहे.

म्हणून माझी एकच विनंती ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांना, तसेच सिडको आणि रेल्वे प्रशासनाला आहे. ठाणे–वाशी मार्गावरील आणि हार्बर मार्गावरील कित्येक स्थानकांसमोर प्रशस्त मोकळ्या जागा आणि भलीमोठी छपरे आहेत. रविवारी सकाळी तिथे तुलनेने गर्दी कमी असते. राज्यात शेतकरी आठवडी बाजाराची कल्पना रुजलेली आहेच. जुन्नर, मुरबाड, शहापूर, पेण या भागांतल्या शेतकऱ्यांनी सकाळी सहा ते बारा या वेळेत या छपरांखाली बसावे, प्रत्येक मालावर गाव आणि भाव लिहिलेला असावा, तिथे नळाचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, आणि बारा वाजता पालिकेने जागा धुऊन काढावी. एका बाजूला भाकरी-पिठले, थालीपीठ करणाऱ्या बचत गटांना जागा द्यावी आणि गाव कोणते, पीठ कुठले हेही लिहायला सांगावे. आधी एका स्थानकावर, तीन महिन्यांसाठी, हे करून पाहता येईल. फेरीवाल्यांची आज जी जागा आहे ती मात्र या निमित्ताने कुणाकडून हिरावली जाऊ नये. त्यांनाही याच व्यवस्थेत नोंदवून ठरलेली जागा द्यावी.

एस्ताकादचा बाजार पालिका कसा चालवते, जागेचे भाडे कसे ठरते, सफाई कुणाकडे असते आणि वरून गाड्या जात असताना सुरक्षेची काय काळजी घेतली जाते, याची सविस्तर माहिती ग्रेनोबलला परतल्यावर तिथल्या नगरपालिकेतून मिळवून मराठीत करून देण्याची माझी तयारी आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवल्यास मी ते काम आनंदाने आणि विनामूल्य करीन.

आपली नम्र,
एक ठाणेकर वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)